गाभारा रिकामा असला तरी

वाचकांचे प्रश्न : प्रवास आणि प्राचीन वास्तू

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत आम्ही बार्शीहून हंपीला जाणार आहोत. आम्ही दोघं, १२ आणि ८ वर्षांची दोन मुलं आणि सासूबाई. सासूबाई ७१ वर्षांच्या, माळकरी, आषाढी कधी चुकवत नाहीत, पण आता गुडघे दुखतात. हंपीत विठ्ठलाचं मोठं देऊळ आहे एवढंच त्यांनी ऐकलंय आणि दर्शन घडणार म्हणून त्या रोज दिवस मोजताहेत. माझे दीर जाऊन आलेत. ते म्हणतात, तिथं मूर्तीच नाही. हे सासूबाईंना आधी सांगावं का? शिवाय हातात एकच पूर्ण दिवस आहे. काय बघावं आणि काय सोडावं? (एक वाचक, बार्शी)

उत्तर : आधी सांगा. घरूनच सांगा, निवांत बसून. मी माझ्या आईला सांगितलं नव्हतं, आणि ते मला अजून लागून आहे.

२०१३ च्या जानेवारीत मी आईला हंपीला नेलं. ती तेव्हा ६९ वर्षांची होती. तीही माळकरी. मी एकतीस वर्षं सोलापुरात शाळेत चित्रकला शिकवली, त्यामुळे हंपीचे खांब आणि शिल्पं मला पाठ होती, पण आईच्या मनात काय चाललंय ते मी विचारलंच नाही. विठ्ठल मंदिराच्या आवारात शिरल्यावर सगळे लोक दगडी रथाकडे वळले. आई वळली नाही. ती पदर सावरून सरळ महामंडपाच्या पायऱ्या चढली, आत गेली, आणि थोड्या वेळाने बाहेर येऊन मला म्हणाली, "विठोबा कुठंय गं?"

मी तिला १५६५ सांगितलं. विजापूर, अहमदनगर, गोवळकोंडा आणि बीदरचे सुलतान एकत्र आले, तालिकोटच्या लढाईत विजयनगरचा कारभारी रामराय मारला गेला, त्यानंतर विजयनगर, म्हणजेच आजची हंपी, लुटलं आणि जाळलं गेलं, वगैरे. वर्गात सांगावं तसं. तिनं ते शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हे तुला ठाऊक होतं तर घरी का नाही बोललीस? मी तुळस घेऊन आले." तिच्या पिशवीत ओल्या फडक्यात गुंडाळलेली अंगणातली तुळस होती. होस्पेटच्या लॉजवर रात्री तिनं त्यावर पाणी शिंपडलं होतं, ते मी पाहिलं होतं आणि तरी माझ्या लक्षात आलं नव्हतं.

तिथला पहारेकरी भला माणूस होता. हे पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे, इथं पूजा चालत नाही, फुलं-पानं वाहता येत नाहीत, असं त्यानं तिला सांगितलं. आईचं माहेर अक्कलकोटकडचं, कानडी तिला चांगली येते. दोघांचं बोलणं सुरू झालं. कुठून आलात, त्यानं विचारलं. सोलापूर म्हटल्यावर तो हसला आणि म्हणाला, मग इथं कशाला शोधता अज्जी, तो तुमच्याकडंच गेलाय की पंढरपूरला.

आणि आईला एकदम भानुदासांची गोष्ट आठवली. लहानपणापासून कीर्तनात ऐकलेली. तुमच्या सासूबाईंनाही ती नक्की ठाऊक असणार, फक्त ती हंपीची आहे हे कदाचित त्यांच्या मनात जोडलेलं नसेल. राजा कृष्णदेवरायानं पंढरीची मूर्ती आपल्या राजधानीत, म्हणजे विजयनगरला, नेली. पंढरपूर सुनं पडलं. तेव्हा पैठणचे भानुदास, एकनाथ महाराजांचे पणजोबा, तिथवर गेले आणि देवाला परत घेऊन आले. ही संतपरंपरेतली कथा आहे, शिलालेखातली नाही. शिलालेख सांगतात ते असं, की कृष्णदेवरायाच्या दोन राण्या, चिन्नादेवी आणि तिरुमलादेवी, यांनी १५१३ मध्ये या देवळाची गोपुरं बांधवली. राजघराण्याचं या विठ्ठलावर केवढं प्रेम होतं ते त्यावरून कळतं. ज्ञानोबांनीही विठ्ठलाला 'कानडा' म्हटलंय, ते उगीच नाही.

आई पुन्हा आत गेली. गाभाऱ्याभोवती खालच्या पातळीवर एक अंधारी प्रदक्षिणेची वाट आहे. काही पायऱ्या उतराव्या लागतात. आम्ही गेलो तेव्हा ती उघडी होती. मी मोबाइलचा उजेड धरला तर ती म्हणाली, बंद कर. भिंतीला हात लावत, हरिपाठ पुटपुटत तिनं एक फेरी घातली. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "राहून गेलेल्या माणसाच्या घरी आल्यासारखं वाटतं." तुळस तिनं पुन्हा फडक्यात बांधली आणि परतीच्या वाटेवर पंढरपूरला उतरून तिथं वाहिली. सुकली होती, पण वाहिली.

म्हणून तुम्ही भानुदासांच्या गोष्टीपासूनच सुरुवात करा. 'मूर्ती नाही' एवढंच सांगू नका. जो पंढरीत आहे, तो काही काळ जिथं राहिला असं आपली माणसं मानत आली, ते ठिकाण बघायला चाललोय, असं सांगा. आणि मंदिरापासून नदीकडे थोडं चाललं की तुंगभद्रेच्या काठावर पुरंदरदासांचा मंडप आहे, तो त्यांना दाखवाच. कर्नाटकातले हे थोर हरिदास. त्यांच्या पदांत शेवटी 'पुरंदर विठ्ठल' अशी मुद्रा येते. पौष अमावास्येला तिथं त्यांची आराधना होते. खांबांवर साधा सपाट कातळ, नक्षी थोडी, समोर नदी. माझ्या आईला साऱ्या हंपीत ती जागा सगळ्यांत आवडली.

आता दिवसाचं बघू. एका दिवसात सगळी हंपी होत नाही, तो हट्ट सोडा. मातंग टेकडी सोडा, अंजनाद्री सोडा (तिथं साडेपाचशेच्या वर पायऱ्या आहेत, आणि ती नदीपलीकडे आहे). कमलापूरचं संग्रहालयही या खेपेला राहू द्या.

मुक्काम होस्पेटला करा, तिथून हंपी १३ किलोमीटर. सोलापूरहून विजापूर, इलकल, कुष्टगी असा सरळ रस्ता येतो. इलकल म्हणजेच आपल्या इरकली लुगड्यांचं गाव. सासूबाईंना तिथं दहा मिनिटं उतरवा, त्यांना तेवढीच विश्रांती. विजापुरात थांबणार असाल तर मुलांना मलिक-ए-मैदान तोफ दाखवा. ती १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली, आणि तालिकोटच्या लढाईत होती असं सांगतात. दुसऱ्या दिवशी हंपीत जे पडलेलं दिसेल ते मुलांना मग वेगळं दिसेल.

सकाळी उघडल्या उघडल्या विठ्ठल मंदिर गाठा. गाड्या लांब थांबवतात, तिथून पुढे बॅटरीवरची गाडी मिळते, त्यामुळे गुडघ्यांची चिंता नको. नदीकाठानं चालत जायची एक सुंदर वाट आहे, पण ती दोन किलोमीटरची आणि खडकांची आहे, ती तुमच्यासाठी नाही. उशीर केलात तर रांग लागते आणि अकराला कातळ तापायला लागतो. हंपीचं ऊन वरून लागतं तसंच खालूनही लागतं.

रथाजवळ मुलांना घाईघाईने फोटोत उभं करू नका. ५० रुपयांची नवी नोट हातात द्या आणि तिच्यावरचं चित्र समोरच्या रथाशी ताडून बघायला सांगा. मग विचारा, हत्ती रथ ओढताहेत, पण या हत्तींच्या मागं काय दिसतंय? नीट पाहिलं तर घोड्यांच्या पायांचे आणि शेपटांचे अवशेष दिसतात. मुळात तिथं घोडे होते, हत्ती नंतर आणून ठेवले. आणि हा रथ म्हणजे खरं तर गरुडाचं देऊळ आहे, विष्णूसमोर गरुड असतो तसं. त्याच्या माथ्यावर विटांचं शिखर होतं. १८५६ मध्ये अलेक्झांडर ग्रीनलॉ यांनी काढलेल्या छायाचित्रांत ते दिसतं, आज नाही. चाकं पूर्वी फिरत असत, झीज होऊ लागली म्हणून ती पक्की करून टाकलीत.

हे शिखराचं मुलांना समजावून सांगा, कारण त्यात हंपीच्या पडझडीचं अर्धं कोडं सुटतं. इथं खालचं बांधकाम ग्रॅनाइटचं आणि वरची शिखरं, गोपुरांचे मजले विटा आणि चुन्याचे. आग लागली, पाऊस मुरला, झाडांची मुळं शिरली, की आधी वीट जाते. दगड उभा राहतो. म्हणून हंपीत जिकडेतिकडे खांब शाबूत आणि डोकी उघडी दिसतात. वाटेतल्या मोठमोठ्या खडकांवर चौकोनी खाचांची सरळ ओळ दिसेल, तीही दाखवा. त्यात पाचरी ठोकून कातळ फोडत. काही खडकांत खाचा पाडल्यात पण दगड फोडलेला नाही. कारागीर उद्या येणार होता आणि आलाच नाही, असं मला त्या खाचांसमोर नेहमी वाटतं.

तिथून हजारराम मंदिर. हे लहान आहे, सपाटीवर आहे, आणि मुलांसाठी याच्यासारखं दुसरं नाही. भिंतींवर अख्खं रामायण पट्ट्यांत कोरलंय. श्रावणबाळ शोधा, सात ताडांमधून जाणारा रामाचा बाण शोधा. कुणाला आधी सापडतं ते बघा. सासूबाईंना मुलांसोबत बसवा. त्यांना गोष्ट येते, मुलांना डोळे आहेत, तुम्हाला काही करावं लागणार नाही. बाहेरच्या आवारभिंतीवर मात्र रामायण नाही, तिथं खुद्द विजयनगर चाललंय : खालच्या ओळीत हत्ती, वर घोडे, वर शिपाई, त्यावर नाचणाऱ्या बायका. घोड्यांचा लगाम धरलेली माणसं निराळ्या पेहरावातली आहेत, कारण घोडे समुद्रापलीकडून येत. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला, त्यानंतर या व्यापाराची मोठी नाडी त्यांच्या हातात गेली. एका राज्याच्या सैन्याची गरज भिंतीवर अशी उभी राहिलेली मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

मुलं दमली नसतील तर जवळच हत्तीशाळा आहे, ११ दालनांची, घुमटांची. दमली असतील तर सोडा.

दुपारी दोन तास उन्हात फिरू नका. कमलापुरात जेवा. जोळद रोट्टी आणि एण्णेगाई मागवा. आपलीच ज्वारीची भाकरी आणि भरलं वांगं आहे ते. सासूबाईंना घरचं खाल्ल्यासारखं वाटेल. मग थोडं आडवं होऊ द्या त्यांना.

चारनंतर उग्र नरसिंहाकडे या. एकाच कातळातून कोरलेली ६.७ मीटर उंच मूर्ती, १५२८ ची, कृष्णदेवरायाच्या शेवटच्या वर्षांतली. पुष्कळजण समोर उभे राहतात, डोळे किती मोठे म्हणतात आणि शेजारचं पाण्यातलं बडवीलिंग बघून पुढं जातात. हा खरा लक्ष्मीनरसिंह. त्याच्या मांडीवर लक्ष्मी होती. ती फोडली गेली. पण कडेला जाऊन पाहिलंत तर नरसिंहाच्या पाठीवर एक हात अजून आहे. लक्ष्मीचा हात. बाकी ती सगळी गेली, कवटाळलेला हात तेवढा राहिला. माझ्या शाळेच्या सहली मी इथं दोनदा आणल्या होत्या आणि तो हात मला दिसला नव्हता. आईनं दाखवला. लांबून, बसल्या जागेवरून म्हणाली, "त्याच्या पाठीवर कुणाचा हात आहे बघ."

जवळच कृष्ण मंदिर आहे. उदयगिरीच्या विजयानंतर कृष्णदेवरायानं बाळकृष्णाची मूर्ती आणून १५१५ मध्ये इथं बसवली. ती आज चेन्नईच्या सरकारी संग्रहालयात आहे. हेही सासूबाईंना सांगा, म्हणजे दुसरा रिकामा गाभारा त्यांना धक्का देणार नाही.

ऊन कलल्यावर हेमकूट. टेकडी बुटकी आहे, चढ सौम्य आहे, हळूहळू जमतं. पायथ्याशी दोन गणपती आहेत, एक कडलेकाळू आणि दुसरा सासिवेकाळू, म्हणजे हरभरा आणि मोहरी. नावं ऐकून मुलांना वाटेल इवलेसे असतील, आणि समोर माणसाच्या डोक्यावर जाणारे गणपती उभे. मोहरी गणपतीला मागून बघायला विसरू नका. मागून बाईची पाठ दिसते. तो आईच्या मांडीवर बसलाय.

टेकडीवर लहान लहान देवळं आहेत, पायऱ्यापायऱ्यांच्या दगडी शिखरांची. त्यांतली काही विजयनगरच्याही आधीची, म्हणजे १३३६ च्या अलीकडची नव्हेत, पलीकडची. तिथं कातळावर बसून राहा. खाली विरूपाक्षाचं सुमारे ५० मीटर उंच गोपुर उजळत जातं.

आणि शेवटी विरूपाक्ष. हे मी मुद्दाम शेवटी ठेवलंय. दिवसभर रिकामे गाभारे पाहिल्यावर इथं घंटा वाजते, तेल-कापराचा वास येतो, नारळ फुटतात, पुजारी तीर्थ देतात. इथली पूजा चालू आहे. सासूबाईंनी आणलेलं फूल-पान त्यांना इथं वाहता येईल. आत मागच्या बाजूला एका अंधाऱ्या दालनात भिंतीवर गोपुराची उलटी सावली पडते, भोकातून येणाऱ्या उजेडानं. तेवढ्यासाठी मात्र ऊन असताना यावं लागतं, त्यामुळे सकाळी येणाऱ्यांना ती दिसते, तुम्हाला बहुधा नाही. माझ्या मते सासूबाईंना आरती मिळणं जास्त महत्त्वाचं.

प्रश्न : कॉलेजच्या ग्रुपसोबत हंपीला जातेय. विठ्ठल मंदिरातले संगीताचे खांब खरंच वाजतात का? थोडं टिचकीनं वाजवून बघितलं तर काय बिघडतं? (एक विद्यार्थिनी, कोल्हापूर)

उत्तर : वाजतात. मोठ्या खांबाभोवती त्याच कातळातून बारीक खांब कोरून काढलेत, वेगवेगळ्या जाडीचे, आणि ठोकल्यावर त्यांतून वेगवेगळे नाद निघतात. महामंडपात असे एकूण ५६ खांब आहेत.

पण बाळा, टिचकीही मारू नकोस. तू एक टिचकी मारशील, तुझ्यामागून येणारा नाणं घेऊन येईल, त्याच्या मागचा दगड. तिथं वर्षानुवर्षं हेच झालं, म्हणून आता बंदी आहे. कुणी पैसे घेऊन वाजवून दाखवतो म्हणाला तर नाही म्हण, आणि मोठ्यानं म्हण, म्हणजे शेजारचेही ऐकतील. २०१९ मध्ये हंपीत काही तरुणांनी एका पडक्या देवळाचा खांब ढकलून पाडला आणि त्याची चित्रफीत सगळीकडे फिरली. न्यायालयानं त्यांना प्रत्येकी ७० हजार रुपये दंड केला आणि तो खांब त्यांच्याच हातून पुन्हा उभा करवला. ती मुलं तुझ्याच वयाच्या आसपासची होती, आणि मला त्या बातमीनं फार वाईट वाटलं. साडेचारशे वर्षांपूर्वीच्या लुटीतून जे वाचलं ते आपल्या मुलांच्या हातून पडावं, हे मी अजून विसरू शकलेली नाही.

वाजवण्याऐवजी एक कर. चित्रकलेची वही ने. एकच खांब निवड आणि अर्धा तास बसून काढ, चांगला येवो न येवो. रेघ मारता मारता तुला कळेल की छिन्नी कुठून शिरली असेल आणि आतला भाग न तोडता कारागिराचा हात कुठं वळला असेल. नाद नाही ऐकू आला तरी एवढं घेऊन येशील.

प्रश्न : वय ७६. लांबचा प्रवास झेपत नाही. सोलापूरहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येईल असं एखादं प्राचीन मंदिर सुचवा, जिथं गर्दी नसेल. (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : काका, हत्तरसंग कुडलला जा. सोलापूरपासून साधारण ४० किलोमीटर, भीमा आणि सीनेच्या संगमावर. दोन देवळं आहेत, संगमेश्वर आणि हरिहरेश्वर. हरिहरेश्वराचं देऊळ कित्येक वर्षं मातीखाली गाडलेलं होतं, ते उकरून काढलं. तिथं एक शिवलिंग आहे ज्याच्यावर शेकडो मुखं कोरलेली आहेत. ते ओळीओळीनं बघत जा, सगळे चेहरे सारखे नाहीत.

संगमेश्वरात मात्र मान वर करा. मंडपाच्या तुळईवर शके ९४० चा, म्हणजे इसवी सन १०१८ चा लेख आहे. मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांत तो गणला जातो. त्यात शेवटी लिहिलंय, 'वाछि तो विजेया होईवा', जो वाचील तो विजयी होईल. पहिल्यांदा ते अक्षर अक्षर जुळवून वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. हजार वर्षांपूर्वी कुणीतरी दगडात कोरताना आपल्यालाच उद्देशून लिहिलंय, आणि ते आपल्याला समजतंय.

पावसाळ्यात नदीला पाणी चढतं, तेव्हा टाळा. हिवाळ्यात सकाळी लवकर निघा, बरोबर पाण्याची बाटली, भाकरी-चटणी आणि एक लहान बॅटरी ठेवा. तुळई अंधारात आहे आणि अक्षरं झिजलीत. उजेड समोरून मारू नका, बाजूनं तिरपा धरा, म्हणजे कोरलेल्या रेघांत सावली पडते आणि अक्षर उठून दिसतं.